बंडप्पाची शिशाची चाकं

घरी साहेब जेवायला येणार आहे आणि तुमच्याकडचा एकुलता एक पाट डुगडुगतो. काय कराल? साहेबाला त्याच पाटावर बसवाल, की शेजारून बरा पाट मागून आणाल?

लाजू नका. शेजारून आणाल. कुणीही आणील. बंडप्पानंही तेच केलं होतं. त्यानं पाट आणला नाही, अठरा पितळी चाकं आणली, एवढाच फरक. आणली, बसवली, चार लोकांची वाहवा घेतली. आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती उपसून काढली आणि जुनी, काळी, झिजलेली शिशाची चाकं परत ठोकायला बसला. स्टेशनातल्या शहाण्यासुरत्यांनी कपाळावर हात मारला. शाळा न शिकलेल्या माणसाचं डोकं रिकामं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनीही आत्ता मारून घ्यावा. पुढं वेळ मिळणार नाही.

बंडप्पा सांधेवाला. धाराशिव जिल्ह्यातून लातूरकडं जाणारी जी छोटी गाडी, तिच्यावरच्या एका लहान स्टेशनात त्याची नोकरी. स्टेशन म्हणजे तरी काय? एक कौलारू खोली, एक लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, आणि कापसाच्या हंगामात गाठींनी भरून जाणारा कच्चा फलाट. गाडीशी ज्यांचा संबंध तिकिटापुरता असतो त्यांना सांधेवाला दिसत नाही. एका रुळाचे दोन होतात तिथं सांधा असतो. सांध्यात दोन निमुळत्या पट्ट्या असतात, त्यांना जीभ म्हणतात. दांडा ओढला की जीभ सरकते आणि मोठ्या रुळाला जाऊन चिकटते. चिकटली तर गाडी ठरल्या वाटेनं जाते. नीट चिकटली नाही तर चाक मधल्या फटीत शिरतं आणि डबा खडीवर उतरतो. ती चिकटली की नाही, हे बघणारा माणूस म्हणजे सांधेवाला. पगार जेमतेम. पण गाडीतल्या दीडशे माणसांचे जीव त्याच्या वाकण्यावर.

बंडप्पा मूळचा मुरुमच्या बाजूचा. घरची भट्टी होती, बैलांची घुंगरं ओतायचा धंदा. भाऊ तिघं आणि भट्टी एक, म्हणून धाकट्या बंडप्पानं रूळ धरला. वीस वर्षं झाली. निजाम बघितला, रझाकार बघितले, पोलीस ॲक्शन बघितली, हैदराबाद स्टेट गेलं आणि मुंबईचं राज्य आलं तेही बघितलं. दांडा मात्र तोच. अक्षराशी त्याची ओळख नव्हती. पण जिथं अक्षर लागतं तिथं अडायचं कसं नाही, हे त्यानं आपलं आपण शोधून काढलं होतं.

ती त्याची खेळण्यातली गाडी त्यातूनच झाली. कापसाच्या दिवसांत सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, नऊ-नऊ डबे उभे राहायचे. कुठला आधी काढायचा, कुठला मागं सारायचा, हे स्टेशनमास्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि बंडप्पाला चिठ्ठी म्हणजे पांढरा कागद. मग त्यानं सिग्नलचे कंदील ठेवायच्या खोपटामागं एक लांब फळी मांडली. गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या कापून त्यावर वीतभर अंतरानं रूळ ठोकले. मोडक्या विळ्याच्या पात्याची सांध्याची जीभ केली. तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजन, खोक्याच्या लाकडाचे तीन डबे. राहिली चाकं.

मालडब्यांच्या दाराला तेव्हा शिशाची सीलं असायची. दार उघडताना तोडली की रुळाच्या कडेला पडायची, कुणी विचारत नसे. बंडप्पानं ती उचलून उचलून एक मडकं भरलं, भाजक्या मातीचा साचा केला आणि घरच्या धंद्याचा हात चालवून पेढ्याएवढी अठरा चाकं ओतली. सहा इंजनाला, चार-चार डब्यांना. खऱ्या चाकाला आतल्या बाजूनं उभी कड असते, ती रुळाच्या आत राहून चाकाला धरून ठेवते. तशी कड प्रत्येक चाकाला काढली. मग रोज सकाळी मास्तर तोंडी सांगेल तसे डबे फळीवर ढकलून बघायचे आणि पाठ करून खऱ्या रुळांवर जायचं. चिठ्ठीवाल्या स्टेशनांपेक्षा या स्टेशनात डबे लवकर निघत. लोक आधी हसले, मग येऊन बघू लागले.

सरकारनं ही लाइन चालवणारी कंपनी ताब्यात घेतली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं टोपीवरच्या बिल्ल्याशिवाय काही बदललं नाही. सत्तावन्न साली हुकूम आला. सगळ्या सांधेवाल्यांची परीक्षा. ज्याला वाचता येत नाही त्याची तोंडी. नापास झाला तर दांडा सुटला. खडी फोडायच्या गँगमध्ये, मिळेल त्या गावी.

त्या स्टेशनात सांधेवाले दोन. एक बंडप्पा. दुसरा बलभीम, पस्तिशीचा, कळंबकडचा, अंगानं दांडगा आणि तोंडानं फटकळ. शेत नाही, म्हातारे आई-बाप अंगावर, दोन पोरी. दोघंही अंगठेबहाद्दर. हुकूम वाचून दाखवला तेव्हा बलभीम खाली बसला.

"म्हंजी आता खडी फोडायची व्हय?" तो म्हणाला.

"आधी परीक्षा तर हू दे," बंडप्पा म्हणाला.

स्टेशनमास्तर नारायणराव. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, देवळाचा व्याप चुलत्यांवर सोडून रेल्वेत आलेले. माणूस सज्जन. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, मराठी करून रोज दुपारी वाचून दाखवू लागले. पण घराण्याचा गळा! नियम क्रमांक अमुक, पोटकलम तमुक, असं काही सुरात म्हणत की बलभीमचे डोळे मिटायचे आणि हात आपोआप जोडले जायचे.

"बलभीम, नमस्कार कसला करतोस? सांध्याची तपासणी किती वेळा करायची ते सांग."

"मास्तर, परसाद कवा वाटताय?"

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी बंडप्पा बलभीमला फळीपाशी घेऊन गेला. "पुस्तक ऱ्हाऊ दे. हितं बस. दांडा वढ. आता गाडी ढकल."

बलभीमनं दांडा ओढला, गाडी ढकलली. पहिला डबा सांध्यावर आला आणि आडवा झाला.

"का पडला?"

"तुजी गाडीच म्हातारी हाय, अप्पा."

"वाक. जिभंकडं बघ."

बलभीम वाकला. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये वाळूचा एक खडा अडकला होता. केसाएवढी फट. खडा काढला, पुन्हा ढकलली, गाडी गेली. बलभीमनं खडा तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. आठ दिवसांत पुस्तक जे सांगू शकलं नाही ते खड्यानं सांगितलं. मग शेजारच्या स्टेशनांतले दोन सांधेवालेही सुट्टीच्या दिवशी येऊन फळीपुढं बसू लागले.

नारायणरावांना फार कौतुक वाटलं. इतकं, की त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबाला पत्र लिहिलं: आमच्या एका निरक्षर सेवकानं आगगाडीची प्रतिकृती केली आहे, अवलोकन व्हावं. साहेबाचं उत्तर आलं, छान, परीक्षा त्या प्रतिकृतीवरच घेऊ.

आता मास्तर फळीपाशी येऊन उभे राहिले.

"बंडप्पा, ही गाडी पडते रे."

"खडा असला की पडती."

"खडा नसतानाही कधी कधी पडते. चाकं बघ तुझी. काळी, चेपलेली, कडा झिजून गेलेल्या. साहेबापुढं एकदा आडवी झाली की तो म्हणेल, ह्यांना खेळण्यातली सांभाळता येत नाही, खरी काय सांभाळणार? चाकं बदल."

बोलणं खोटं नव्हतं. अकरा वर्षं ढकलून ढकलून शिसं झिजलं होतं. सुरुवातीला गाडी पडायची नाही, आता पडायची. बंडप्पालाही आतून वाटतच होतं. आपल्या हातची वस्तू चार लोकांत जायची तर ती चकचकीत असावी, ही हौस साऱ्यांनाच असते. ओतकाम करणाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला जास्त. त्यानं बायकोला, गौराबाईला सांगितलं. तिचा भाऊ वीरप्पा मुरुमला घुंगरं आणि घंटा ओतायचा. तिनं निरोप धाडला. वीरप्पानं सगळी कामं बाजूला ठेवून अठरा पितळी चाकं ओतली, कानशीनं कड गोल केली, चिंच लावून घासली आणि स्वतः घेऊन आला. फडकं उघडलं तर आत ऊन सांडल्यासारखं झालं.

"दाजी, तुमचं शिसं आता तागडीला वजन म्हणून वापरा," वीरप्पा मिशीतल्या मिशीत हसला.

"शिशानं अकरा वर्सं खेचलंय. तुजं पितळ किती खेचतंय बघू."

"नातवंडं ढकलतील तुमची."

चाकं बसली. गाडी अशी पळाली की नारायणरावांनी टाळी वाजवली. गौराबाई दारात उभी राहून भावाकडं बघत होती. तिच्या माहेरच्या हातानं तिच्या नवऱ्याची नोकरी राखली जाणार होती. बाईमाणसाला यापेक्षा काय पाहिजे? बलभीमनं दांडा ओढला, गाडी ढकलली, गेली. परत ओढला, गेली. तिसऱ्या वेळी वीरप्पाचं लक्ष गेलं.

"अहो, जिभंत खडा हाय की."

सगळे वाकले. खरंच खडा होता. फट होती. आणि गाडी त्यावरून खुशाल गेली होती.

"आयला, पितळंनं खड्याला बी जुमानलं न्हाय!" बलभीम म्हणाला आणि सगळे हसले.

बंडप्पाही हसला. इथं बंडप्पा चुकला. गाडी पडली नाही म्हणून त्याला बरं वाटलं, आणि का पडली नाही हे विचारायचं राहून गेलं. त्यानंतर तीन दिवस बलभीम त्याच गाडीवर सराव करत होता. खडा दिसला तरी गाडी जात होती. चौथ्या दिवशी तो वाकायचा थांबला.

पाचव्या दिवशी सकाळी मालगाडी आली. दोन डबे सायडिंगला सोडायचे होते. सांध्यावर बलभीम, पलीकडं फाटकाजवळ बंडप्पा. बलभीमनं दांडा ओढला. जीभ सरकली, पण दांडा शेवटच्या बोटभर अंतराला जरा जड गेला. त्यानं उभ्या उभ्याच खाली बघितलं. चिंचोक्याएवढी खडीची कपची. बघितली, आणि खांद्यावरची हिरवी झेंडी काढून दाखवली. इंजन मागं सरकू लागलं.

बंडप्पानं बलभीमचा हात बघितला नाही, पाठ बघितली. पाठ वाकली नव्हती. वीस वर्षांत वाकल्याशिवाय हिरवी दाखवलेली पाठ त्यानं बघितली नव्हती. ओरडायला वेळ नव्हता. त्यानं लाल झेंडी वर केली आणि रुळाच्या मधोमध उभा राहिला. इंजन थांबलं तेव्हा मागच्या डब्याचं चाक सांध्यापासून चार स्लीपरवर, म्हणजे जेमतेम पाच-सहा हातांवर होतं.

डायव्हर खाली उतरून उर्दूत जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. बंडप्पानं ते ऐकून घेतलं, वाकला, कपची काढली, जीभ हातानं चाचपली आणि हिरवी दाखवली. डबे सायडिंगला गेले. चार मिनिटं उशीर. नारायणरावांनी डायरीत तेवढंच लिहिलं.

"बलभ्या, दिसली न्हाय का?"

"दिसली."

"मग?"

"काल फळीवर गेलीच की, अप्पा. चार दिस जातीय. म्हणलं, एवढ्याशा कपचीनं काय हुतंय."

बंडप्पाच्या तोंडी शिवी आली होती. ती त्यानं गिळली. कारण शिवी बलभीमला लागू पडत नव्हती. बलभीमला हे कुणी शिकवलं होतं? फळीनं. फळी कुणाची होती?

तो सायडिंगला उभ्या डब्यापाशी गेला. गुडघ्यावर बसला आणि चाकाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं. कड पातळ होती, विळ्यासारखी. दुसरं चाक बघितलं, तसंच. दुसरा डबा, तसाच. ही कंपनीच्या वेळची चाकं. किती हंगामांचा कापूस वाहिलेली, घाटात घासलेली, कुणी न बदललेली. वीस वर्षं या डब्यांबरोबर राहून त्यानं कडेवरून कधी बोट फिरवलं नव्हतं. त्याला वाटायचं, फटीनं गाडी पडते. आता त्याला दिसलं, एकट्या फटीनं नाही. फट असली आणि कड जाड असली तर चाक फटीवरून निसटून जातं. फट असली आणि कड पातळ असली, तर ती पाचर घातल्यासारखी फटीत शिरते. वीरप्पाची चाकं नवी, जाड ओठांची. ती पडणारच नव्हती. झिजलेलं शिसं पडत होतं. म्हणजे अकरा वर्षं झिजून झिजून ती चाकं या लाइनीसारखी झाली होती.

हे समजायला कुठल्या कॉलेजात जावं लागतं? ज्यांना वाटतं जावं लागतं, त्यांनी त्या दिवशी सायडिंगला यायला पाहिजे होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होता. बंडप्पा दुपारी फळीपाशी बसला आणि पितळी चाकं काढू लागला. नारायणराव जेवून येत होते. बघून जागीच थांबले.

"हे काय चाललंय?"

"जुनी घालतोय."

"वेड लागलं का तुला? उद्या साहेब येतोय! गाडी पडली तर?"

"पडूच दे, मास्तर."

"अरे, तुझी नोकरी आहे! त्या बलभीमची आहे!"

बंडप्पानं हातातलं चाक खाली ठेवलं. "मास्तर, एक सांगतो. गाडी पडू नये म्हणून सांधेवाला ठेवत्यात. न पडणारी गाडी असली तर सांधेवाला लागतोच कशाला? ह्या पितळी गाडीवर मी साहेबाला काय दाखवू? बिनवाकता बी जाती, हे? मग साहेब म्हणंल, तुमी दोघं घरी बसा."

नारायणरावांनी पंच्यानं मान पुसली. "तुझं म्हणणं मला कळतंय रे. पण साहेबाला कळेल का? तो लांबून येणार. त्याला दिसणार काय, तर पडलेली गाडी. समजावून सांगायला तुला वेळ देईल तो?"

हा प्रश्न खरा होता. बंडप्पाची बाजू बरोबर होती, पण बरोबर असून नापास झालेली माणसं त्यानं थोडी बघितली नव्हती. बरोबर असणं आणि साहेबाला पटणं यात एक फाटक असतं, आणि ते बहुतेक वेळा बंदच असतं. शिवाय हा जुगार एकट्याचा नव्हता. त्यानं बलभीमला बोलावलं.

"बलभ्या, जुनी घालू का नवी? तुजी बी नोकरी हाय. तू न्हाय म्हणलास तर न्हाय."

बलभीम उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. सकाळपासून त्याच्या तोंडची टवाळी गेली होती. "घाल जुनी," तो म्हणाला. "नव्यानं मला खड्ड्यात घातलं असतं. मला काय, गाडीतल्यांना."

घरी गौराबाईला हे कळायला वेळ लागला नाही. ती ताटात भाकरी आपटून म्हणाली, "माझ्या भावानं आठ दिस भट्टी फुंकली. सुगीत घुंगराची गिऱ्हाइकं परत धाडली. आन् तुमी त्याचं पितळ उपटून टाकलं?"

"उपटलं न्हाय. काढून ठिवलं."

"एकच झालं. त्याला तोंड कसं दाखवू मी? मुरुमात म्हणत्याल, मेव्हण्याचं पितळ दाजीला पचलं न्हाय."

"गौरे, चाकं चांगली हायती म्हणूनच काढली."

"हे ऐका! चांगली म्हणून काढली! मी चांगली हाय म्हणून मला बी काढा!"

बंडप्पा हसला नाही. त्यानं तिला सगळं सांगितलं. कपची, झेंडी, चार स्लीपर, पातळ कड. ती ऐकत राहिली. तिचा राग उतरला, पण माहेर काही उतरत नव्हतं. पाणी ओतता ओतता म्हणाली, "सगळी काढायलाच पायजेत का? यका डब्याला तरी ऱ्हाऊ द्या माझ्या भावाची. इचारलं तर सांगता यील, हाय की, शेवटच्या डब्याला हाय."

बंडप्पाचा घास हातात राहिला. एका डब्याला पितळ, बाकीच्यांना शिसं. एकच सांधा, एकच खडा. आधी एक ढकलायचा, मग दुसरा. समजावून सांगायला वेळ मिळो न मिळो, दिसेल तर खरं!

"तू रेल्वेत यायला पायजे हुतीस," तो म्हणाला.

"घरात कोण वाकणार मग?" गौराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं साहेब आला. उंच, सावळा, दक्षिणेकडचा, हिंदी तोडून बोलणारा. चहा नको म्हणाला आणि सरळ फळीपाशी आला. तीन डबे बघितले. दोन काळे, एक पिवळा.

"ये एक ही क्यूँ बदला?"

नारायणराव पुढं होऊन काहीतरी सांगू लागले, साहेबानं हात वर केला. बंडप्पानं आपल्या निजामी दखनीत उत्तर दिलं, "साब, पैले देखो. बाद में बोलता."

मागं उभ्या नारायणरावांनी डोळे मिटून घेतले. बहुधा तुळजापूरकडं तोंड करून.

बंडप्पानं जिभेत खडा ठेवला, साहेबाच्या डोळ्यांदेखत. पितळी डबा ढकलला. गेला. साहेबानं मान हलवली. मग शिशाचा डबा ढकलला. सांध्यावर आला, कड फटीत शिरली आणि डबा आडवा झाला. साहेब उभा होता तो उकिडवा बसला. टोपी काढून फळीवर ठेवली. डबा उचलून उभा केला आणि स्वतःच्या हातानं परत ढकलला. परत आडवा. मग दोन्ही चाकांच्या कडा बोटानं चाचपल्या, आदल्या दिवशी बंडप्पानं चाचपल्या होत्या तशाच.

"ये किसने सिखाया?"

"किसने नै साब. कल समझा."

साहेब बलभीमकडं वळला. "तुम बोलो. इसमें सही डिब्बा कौनसा?"

पुस्तकात असला प्रश्न नव्हता. बलभीम घाम पुसत म्हणाला, "साब, जो गिऱ्या वो. वो हमारी लाइनका है."

"कभी ऐसा देखा? असली लाइनपे?"

नारायणराव खोकले. तो खोकला म्हणजे, नाही म्हण. डायरीत चार मिनिटं लिहिली होती, उशिराचं कारण लिहिलं नव्हतं. बलभीमनं एकदा बंडप्पाकडं बघितलं. बंडप्पानं होही म्हटलं नाही, नाहीही. ज्याचं त्यानं ठरवायचं असतं तिथं मान हलवणं हे पाप आहे.

"देखा साब," बलभीम म्हणाला. "कल. कपची थी. मै नै झुका. हरा दिखाया. अप्पाने लाल दिखाके रोका."

 साहेबानं विचारलं, "और आज?"

"आज सुबेकी गाडीकू झुक्या साब. हात लगाया. रोज झुकूंगा."

साहेबानं कागदावर बरंच लिहिलं. जाताना पाण्याच्या टाकीपाशी उभ्या डब्यांजवळ थांबला, खाली बसला, चाकं बघितली, तेही लिहिलं. टोपी विसरला होता, ती बलभीमनं धावत नेऊन दिली.

महिन्यानं निकाल आला. बंडप्पा पास. बलभीमला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं, तोवर अर्ध्या जबाबदारीचं काम. खरं बोलल्याचा दंड म्हणा, की चुकीचा म्हणा. बलभीम चार दिवस तणतणला.

"खोटं बोललो असतो तर पास हुतो, अप्पा."

"झाला असतास."

"मग?"

"मग काय? तीन म्हैने वाकायची सवय कर. नापास तर न्हाय केलं."

तीन महिन्यांनी तो पास झाला. सायडिंगच्या त्या डब्यांची चाकं बदलायचा हुकूमही कधीतरी आला. दोन वर्षांनी, पण आला. वीरप्पा एकदा येऊन गेला. शेवटच्या डब्याला आपली चार चाकं बघून त्यानं मिशीला पीळ दिला आणि बाकीच्या चौदा चाकांचं काय केलं हे विचारलं नाही. गौराबाईनं ती घासून फडताळात ठेवली होती. आणि दर मोसमाला शेजारच्या स्टेशनांतले सांधेवाले फळीपुढं बसत राहिले. बंडप्पा त्यांना आधी पिवळा डबा ढकलायला लावायचा, मग काळा, आणि स्वतः काही न बोलता बिडी ओढत बसायचा.

आता वाचणाऱ्याला एक मागणं आहे. तुमच्या हाताखाली, कापसाच्या जिनात, मार्केट यार्डात, दवाखान्यात, कुठंही, सही न येणारा एखादा माणूस असेल आणि त्याला पारखायची वेळ तुमच्यावर आली, तर त्याला टेबलापुढं उभा करू नका. उठा, त्याच्याबरोबर त्याच्या कामाच्या जागी जा, आणि त्याला एवढंच विचारा, की इथं काय काय बिघडतं ते मला दाखव. मग खाली बसा, आणि तो दाखवेपर्यंत तोंड मिटून बघा.